गाडी तापली? झाकण उघडा!

अभिनंदन. तुमच्या हायब्रिड गाडीच्या डॅशबोर्डवर लाल दिवा लागला आहे आणि तुम्ही ती सर्व्हिस सेंटरला न नेता घरीच बघायचं ठरवलं आहे. निर्णय उत्तम. हायब्रिडचं काम कळणारं सेंटर बहुधा नागपूरला, म्हणजे भंडाऱ्याहून साठेक किलोमीटर. तिथे गार खोलीत बसवून कॉफी पाजतात आणि कॉफी संपेपर्यंत बिल काढतात. घरी अंगण आहे, कडुनिंबाची सावली आहे आणि सल्ला द्यायला अख्खा वॉर्ड मोकळा आहे.

पुढच्या पायऱ्या नीट पाळल्यात, तर एका ढिल्या होज-क्लिपचं काम एका रविवारात नव्या इंजिनापर्यंत नेता येतं. घाई करू नका. मधली एखादी पायरी गाळली तर गाडी दुरुस्त होण्याचा धोका असतो.

साहित्य: हायब्रिड गाडी एक (पुण्याहून आलेल्या जवायाची असल्यास जास्त चांगली), पेंचिस, दोन मीटर वायर, पाव किलो हळद, गुंडभर पाणी (गुंड भंडाऱ्याच्या पितळेचा असल्यास फोटोत शोभून दिसतो), मजबूत दोर आणि शेवटच्या पायरीसाठी ट्रॅक्टर. गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक लागणार नाही. ते ग्लोव्ह-बॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे, तिथेच असू द्या. त्यात इंजिन तापल्यावर काय करायचं ते क्रमवार लिहिलेलं आहे. ते वाचलंत तर ही मार्गदर्शिका इथेच संपते.

१. गाडी हायब्रिड आहे का ते तपासा

मागच्या दारावर 'हायब्रिड' लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. मारुतीनं २०१५ मध्ये सियाझला हायब्रिडची चिठ्ठी लावली तेव्हापासून रस्त्यावर माइल्ड हायब्रिडांची गर्दी झाली आहे. यांच्यात बेल्टवर चालणारी एक छोटी मोटर इंजिनाला हातभार लावते. नुसत्या बॅटरीवर ही गाडी अंगणातून फाटकापर्यंतही जात नाही. अंगणातून फाटकापर्यंत जाते ती स्ट्राँग हायब्रिड. आपल्याकडे २००८ मध्ये होंडानं सिव्हिक हायब्रिड आणली, २०१० मध्ये टोयोटानं प्रियस आणली. दोन्ही बाहेरून आयात केलेल्या, त्यामुळे किंमत ऐकून गाडीआधी गिऱ्हाईकच तापायचं. खरी सुरुवात २०२२ मध्ये झाली: होंडा सिटी, टोयोटाची हायरायडर, मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि वर्ष सरता सरता इनोव्हा हायक्रॉस.

घरगुती चाचणी सोपी आहे. गाडी हळूच रिव्हर्स घ्या. वाटेत बसलेली गाय उठली तर माइल्ड. रवंथ करत बसून राहिली तर स्ट्राँग.

२. दिवा लागला तरी थांबू नका

समजा साकोलीहून निघालात आणि राष्ट्रीय महामार्ग ५३ वर दिवा लागला. वेळ दुपारी दोनची, नवतपा चालू, पारा पंचेचाळीसच्या पुढे. अशा वेळी लाखनी येऊ द्या. लाखनी आली की गडेगाव येऊ द्या. गडेगाव आलं की "आता भंडारा आलंच" म्हणा. या वाक्यानं विदर्भात जितकी इंजिनं गेली असतील तितकी रेतीच्या धुळीनं गेली नसतील.

गाडीचा कॉम्प्युटर स्वभावानं भित्रा. तापमान वाढलं की तो इंजिनाची ताकद कमी करतो, ए.सी. मंद करतो. आपल्याकडे याला 'पिकअप गेला' म्हणतात, आणि पिकअप गेल्यावर काय करायचं ते सर्वांना ठाऊक आहे: अ‍ॅक्सिलरेटर आणखी दाबायचा.

काही लोक असंही सांगतील, की ए.सी. बंद करा, गाडी सावलीला घ्या, हीटर पूर्ण सोडा. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा एक लहानसा रेडिएटरच. तो इंजिनाची उष्णता गाडीच्या आत ओढून घेतो. वाफ दिसत असेल तर गाडी पूर्ण बंद करा, वाफ थांबेपर्यंत बॉनेटला हात लावू नका. वाफ नसेल तर पुढचा फॅन फिरतोय का ते बघा, फिरत नसेल तर लगेच बंद करा. मग अर्धा तास, तास स्वस्थ बसा. उपाय खरा आहे आणि फुकट आहे, म्हणूनच कोणी करत नाही. शिवाय मागच्या सीटवर सासूबाई बसलेल्या असताना भर मे महिन्यात हीटर सोडणाऱ्या जवायाचं पुढे काय झालं, याची उदाहरणं कुठल्याच पुस्तकात दिलेली नाहीत. तुमची अडचण आम्ही समजतो.

३. बॉनेट उघडा, समिती बसवा

उघड्या बॉनेटला माणसं आपोआप जमतात. निमंत्रण लागत नाही. तरी समितीत पुढील सभासद आहेत याची खात्री करा: एक निवृत्त एस.टी. ड्रायव्हर, एक ट्रॅक्टरचा मिस्त्री, मोबाइल धरलेला एक भाचा आणि ज्यांना कशातलंच काही कळत नाही पण ज्यांचं वय सर्वांत जास्त आहे असे एक काकाजी. निर्णय काकाजी देतील.

"काऊन जी, काय झालं गाडीले?"

"गरम होऊन राहिली."

"गिअरबॉक्स पाहा आधी."

या सल्ल्याला हसू नका. गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आहे, तिथे गिअरबॉक्स तयार होतात. त्यामुळे या जिल्ह्यात गिअरबॉक्सवर अधिकारवाणीनं बोलणारा माणूस प्रत्येक गावात मिळतो आणि त्याचं बोलणं ट्रकपुरतं खरंही असतं. तुमच्या गाडीत मात्र त्या अर्थाचा गिअरबॉक्स नाहीच. टोयोटाच्या रचनेत दोन मोटरी आणि इंजिन ग्रहमालेसारख्या दातेरी चक्रांवर एकत्र आणलेले असतात आणि कोणी किती जोर लावायचा ते कॉम्प्युटर ठरवतो. हे समितीला समजावत बसू नका. गिअरबॉक्स नसलेली गाडी बावीस लाखांना घेतली हे काकाजींना कळलं, तर विषय गाडीवरून तुमच्या अकलेवर जाईल.

आता एक पोटकलम, आणि हे तेवढं गंमत म्हणून वाचू नका. डॅशबोर्डवर 'रेडी' लिहिलेलं दिसत असेल तर गाडी चालू आहे, इंजिनाचा आवाज येत नसला तरी. बॅटरी उतरली, ए.सी.ला वीज कमी पडली, की इंजिन विचारल्याशिवाय सुरू होतं, फॅनही तसाच. समितीतल्या कोणाच्या गळ्यात दुपट्टा असेल आणि तो वाकून 'आवाज तं नाही येऊन राहिला' म्हणत असेल, तर त्याला आधी मागे ओढा. बटण दाबून गाडी बंद करा, किल्ली घरात ठेवा. आणि नारिंगी रंगाच्या जाड केबली दिसतील त्यांना टेस्टर, पेंचिस, बोट, काहीच लावू नका. त्यांच्यात घरातल्या बोर्डापेक्षा जास्त व्होल्ट असू शकतात आणि तिथे पडणारा फ्यूज माणूस असतो.

४. झाकण उघडा

आलो आपण मुख्य विधीपर्यंत. कुकरची वाफ जिरल्याशिवाय झाकणाला हात लावू नकोस, असं सुनेला तीस वर्षं बजावणारे गृहस्थ रेडिएटरचं झाकण मात्र ओल्या फडक्यानं लगेच फिरवतात. आतली परिस्थिती अशी: निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल असलेलं कूलंट उघड्यावर एकशेसात-आठ अंशांना उकळतं, झाकणाच्या दाबाखाली तेच सव्वाशेच्या वर जाऊनही शांत असतं. झाकण ढिलं केलं की दाब जातो आणि सगळं एका क्षणात उकळून वर येतं. तोंडावर, हातावर, बनियनवर. हे भाजणं साध्या चटक्याचं नसतं. ग्लायकॉल चिकटून राहतं. म्हणून ही पायरी स्वतः करू नका असं आम्ही सांगणार होतो, पण मग दुसऱ्या कोणाला करायला सांगाल, या भीतीनं एवढंच सांगतो: नळी हाताला कोमट लागेपर्यंत कोणीच करू नका.

झाकण शोधतानाही कस लागतो. हायब्रिडमध्ये कूलंटच्या बाटल्या बहुधा दोन. एक इंजिनाची. दुसरी इन्व्हर्टरची, बॅटरीतली वीज मोटरीला लागेल तशी करून देणारं हे यंत्र स्वतःही तापतं, म्हणून त्याचं वेगळं कूलंट, वेगळा पंप. दुसऱ्या बाटलीवर 'इन्व्हर्टर' असं इंग्रजीत लिहिलेलं असतं. ते वाचून भाचा धावत घरात जाईल आणि जिन्याखालच्या इन्व्हर्टरसाठी आणून ठेवलेला बॅटरीच्या पाण्याचा कॅन घेऊन येईल. त्याच्या तर्कात चूक काढता येत नाही. पाणी ओतू द्या. इंजिन तहानलेलंच राहील आणि जे बरं होतं ते पातळ होईल.

५. या गोष्टी तपासू नका

हा भाग लक्षपूर्वक वाचा, कारण बिघाड बहुतेक वेळा इथेच असतो आणि तो सापडला तर उरलेला रविवार वाया जातो.

बाटलीवरच्या कमीतकमी-जास्तीतजास्तच्या दोन रेषा बघू नका, निदान थंड गाडीवर तरी नाहीच. सकाळी चहाआधी बघितलं तर दहा सेकंदांत कळतं की कूलंट कमी आहे. कमी का झालं, हे पाहायला गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवू नका. सकाळी त्यावर गुलाबी डाग दिसेल आणि गळती कुठे आहे ते कळेल. नळीच्या टोकाशी, पंपाच्या सांध्याशी वाळलेला गुलाबी थर दिसला तर त्याला धूळ समजून पुसून टाका.

रेडिएटरच्या जाळीत वाकून पाहू नका. भंडारा धानाचा जिल्हा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात एक हंगाम, उन्हाळी धान लावलं असेल तर मे महिन्यात दुसरा. हार्वेस्टर रस्त्याकडेच्या बांधीत फिरतो, चुरणं चालतं, अर्ध्या डांबरी रस्त्यावर धान वाळत पडलेलं असतं आणि त्यातून तुम्ही ऐंशीनं गाडी काढता. कोंडा, तणसाचे तुकडे, संध्याकाळचे किडे, वर वैनगंगेच्या रेतीच्या टिप्परांनी उडवलेली धूळ, हे सगळं समोरून आत शिरतं. पुढे ए.सी.चा कंडेन्सर, मागे रेडिएटर, आणि दोघांच्या मधल्या फटीत या मिश्रणाचं छान गादीसारखं अस्तर तयार होतं. पुढून बघितलं तर जाळी स्वच्छ! त्यामुळे 'रेडिएटर पाहिला, काही नाही' असं शपथेवर सांगता येतं. मंद धारेच्या पाण्यानं इंजिनाच्या बाजूनं बाहेर असं धुतलं तर ते निघतं. तुम्ही मात्र वॉशिंग सेंटरच्या मोठ्या प्रेशरनं समोरून मारा. पाती चपटी होतील आणि हवेचा प्रश्न कायमचा मिटेल.

आणि मागच्या सीटजवळची ती छोटी जाळी. अनेक हायब्रिड गाड्यांत मोठी बॅटरी केबिनमधल्याच गार हवेनं थंड होते. जाळीतून हवा ओढणारा पंखा असतो. सासरहून निघताना सीटच्या पायथ्याशी चिन्नोरचा कट्टा, वर लाखोळीच्या डाळीची पिशवी, फटीत चिवड्याचा डबा असं नीट रचून ही जाळी बंद करता येते. याचा दिवा इंजिनाच्या दिव्यापेक्षा वेगळा असतो. पण आपण दिवे कुठे वाचतो? पेटला की बॉनेट उघडतो. बॅटरी मागे घुसमटलेली आणि समिती पुढे इंजिनात डोकं घालून बसलेली, हे दृश्य या जिल्ह्यात उन्हाळी सुट्ट्यांच्या शेवटच्या आठवड्यात भरपूर बघायला मिळतं.

६. पाणी, मग हळद

तापलेल्या इंजिनात गार पाणी भसकन ओता. अ‍ॅल्युमिनियमचं हेड एका बाजूनं आकसतं, दुसऱ्या बाजूनं फुगलेलं राहतं आणि वाकतं. 'चर्र' असा आवाज आला की पायरी यशस्वी समजा. पाणी बोअरचं घ्या. घरच्या गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो तोच मग रेडिएटरच्या नळ्यांना मिळेल. कूलंट घालायचंच असेल तर चौकातल्या दुकानातून कोणत्याही रंगाचं आणा. गाडीत गुलाबी आहे आणि दुकानात हिरवं मिळालं, तर 'कूलंट तं कूलंटच' म्हणा. दोघांतली गंजरोधक रसायनं वेगळी असतात. एकत्र आली की कधी चिखलासारखा गाळ धरतो.

गळती थांबत नसेल तर हळद. हा हायवेवरच्या ट्रकवाल्यांचा जुना इलाज आहे आणि त्याची टिंगल करायचा आमचा विचार नाही. पितळी रेडिएटर, रुंद नळ्या, पुढचं गॅरेज दूर आणि भरलेला माल. अशा वेळी मूठभर हळद टाकून भेगेत पूड अडकवत मुक्कामाला पोचणं हे कौशल्यच होतं. तुमच्या गाडीच्या रेडिएटरच्या नळ्या मात्र काडीएवढ्या बारीक आहेत. कूलंट फिरवणारा पंपही बऱ्याच हायब्रिडांत बेल्टवर चालत नाही, विजेवर चालतो, आणि तो हळद पचवायला शिकलेला नाही. भेग सोडून बाकी सगळं बंद होईल. प्रमाणाची चिंता करू नका. स्वयंपाकघरातून आणताना कशासाठी हवी ते मात्र सांगू नका, कारण घरातलं एकमेव शहाणं मत तिथूनच येण्याची शक्यता आहे.

७. थर्मोस्टॅट काढून फेका

"वॉल्व काढून टाका जी. आपल्या इकडं काय काम त्याचं? थंड देशाइतलं सामान हाय ते."

हे वाक्य भंडाऱ्यापासून देवरीपर्यंत कोणत्याही गॅरेजमध्ये ऐकायला मिळेल आणि बोलणाऱ्याचा अनुभव खोटा नाही. जुन्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये, मेटाडोरमध्ये हा मेणाचा वॉल्व बंद अवस्थेत अडकायचा, पाणी रेडिएटरकडे जायचंच नाही आणि रायपूर रोडवर सुटा भाग मिळणार कुठून? मिस्त्री तो काढून खिशात टाकायचा, गाडी चालायची. त्या गाडीला, त्या रस्त्यावर ते शहाणपण होतं. शहाणपणाची अडचण एवढीच, की त्याला मुदत संपल्याची तारीख छापलेली नसते.

थर्मोस्टॅट हा ब्याऐंशी अंशांच्या आसपास उघडणारा दरवाजा आहे. तोवर तो पाणी इंजिनातच फिरवतो, म्हणजे इंजिन लवकर कामाच्या तापमानाला येतं. साध्या गाडीत तो काढला तर थोडं पेट्रोल जास्त लागतं, कोणाच्या लक्षात येत नाही. हायब्रिडमध्ये मात्र सगळा संसारच त्याच्यावर उभा. पाणी पुरेसं तापल्याशिवाय कॉम्प्युटर इंजिन बंद करायला तयार होत नाही, आणि इंजिन बंद होत नसेल तर हायब्रिड ही केवळ दोन मोटरी आणि एक बॅटरी वाहून नेणारी पेट्रोलची गाडी उरते. हायरायडरच्या कागदावर लिटरला २७.९७ किलोमीटर छापलेलं आहे. थर्मोस्टॅट काढल्यावर डिसेंबरच्या थंडीत पहाटे नागपूरला निघून बघा. साकोलीच्या काळीपिवळीवाल्याशी मायलेजवर बरोबरीनं बोलता येईल. मिस्त्रीकडे तक्रार केलीत तर तो पेट्रोलला दोष देईल, आणि त्यालाही पूर्ण खोटं पाडता येणार नाही. पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असतं, त्यानं मायलेज थोडं उतरतंच. इथेनॉलसाठी सरकारी गोदामातला तांदूळही जातो. धानाच्या जिल्ह्यात राहून तांदळाविरुद्ध कोणत्या तोंडानं बोलणार?

काढलेला वॉल्व मिस्त्री तुमच्या हातात देईल. डब्यात जपून ठेवा. सहा महिन्यांनी तो काय आहे हे घरात कोणालाच आठवणार नाही.

८. फॅन डायरेक्ट करा

दोन मीटर वायरीचा उपयोग इथे. कॉम्प्युटर फॅन कमी-जास्त वेगानं फिरवतो: इंजिनासाठी, ए.सी.साठी, इन्व्हर्टरच्या कूलंटसाठीही. मिस्त्रीला हे आवडत नाही. फॅन एकतर फिरावा नाहीतर फिरू नये. तो बारा व्होल्टच्या बॅटरीवरून सरळ वायर ओढेल, स्टिअरिंगखाली चिमणी-स्विच लावेल आणि म्हणेल, "आता टेन्शन नाही."

रात्री स्विच बंद करायला तुम्ही विसराल. विसरणं गृहीत धरूनच ही पायरी लिहिली आहे. हायब्रिडची बारा व्होल्टची बॅटरी लहान असते, कारण तिला स्टार्टर फिरवायचा नसतो. तिचं काम फक्त कॉम्प्युटरला जागं करण्याचं. ती झोपली की मागची मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असली तरी गाडी दार उघडायलाही कुरकुरते. सकाळी समिती पुन्हा जमेल. आता बिघाड दोन झाले, म्हणजे चहाही दोनदा.

९. मोबाइलचा सल्ला घ्या

भाच्यानं ऑनलाइन मागवलेला स्कॅनर लावा. 'पी०ए९३' असं काही दिसलं तर तो इन्व्हर्टरच्या कूलिंगचा कोड आहे, इंजिनाचा नव्हे. कोड वहीत लिहून ठेवू नका, 'क्लिअर' दाबा. दिवा विझेल. दिवा विझणं आणि बिघाड जाणं यांत फरक करणारी माणसं कायम दुःखी असतात.

१०. ट्रायल घ्या, मग ट्रॅक्टर बोलवा

भर दुपारी, ए.सी. पूर्ण सोडून, पाच माणसं बसवून पवनीच्या रस्त्यानं निघा. गोसेखुर्दचं धरण बघून येऊ, असं सांगा. परत येताना मागून पांढरा धूर निघू लागेल. ऑइलची कांडी ओढून पाहा. ऑइल दुधाळ झालं असेल तर हेड गॅस्केट गेलं, कूलंट आणि ऑइल एकमेकांत मिसळलं आणि होज-क्लिपपासून सुरू झालेला प्रवास मुक्कामाला पोचला. शाबास. इथवर फार थोडे लोक सगळ्या पायऱ्या क्रमानं करत येतात.

आता दोर. गाडी ट्रॅक्टरला बांधा आणि चारही चाकं रस्त्यावर ठेवून भंडाऱ्याकडे ओढा. या गाड्यांत पुढची चाकं फिरली की त्यांना जोडलेली मोटरही फिरते, वीज तयार होऊ लागते आणि ट्रान्सअ‍ॅक्सलचं नुकसान होतं; म्हणूनच कंपन्या पुढची चाकं उचलून किंवा सपाट ट्रकवर चढवून न्यायला सांगतात. विम्याबरोबर रोडसाइड असिस्टन्स घेतला असेल तर असा ट्रक फोनवर मिळतोही. पण नंबर पुस्तकाच्या पिशवीत आहे, आणि पिशवी न उघडण्याचं आपलं ठरलं आहे. शिवाय ट्रॅक्टर भाऊजींचा, डिझेल तेवढं आपलं.

विम्याचा विषय निघालाच आहे तर: नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड धरत नाहीत, आणि तापलेली गाडी दामटत राहिल्यानं झालेलं नुकसान तर नाहीच. सर्व्हेअर आला तर रेडिएटरपासून त्याला दूर ठेवा. हळद फार दिवस रंग सोडत नाही.

अखेर गाडी नागपूरला पोचेल. गार खोली, कॉफी. समोरचा मुलगा जॉब-कार्ड काढेल, गाडीचा नंबर घेईल, किलोमीटर लिहील आणि ग्राहकाची तक्रार काय, असं विचारेल. इथे घाबरायचं नाही, आठवायचं नाही, समितीचं तर नावही काढायचं नाही. पाय पसरून बसा आणि सांगा:

"ए.सी. थोडा कमी लागून राहिला."